प्लेगशी झुंजलेले डॉ. वू लिएन-ते

डिसेंबर १९१०. मांचुरियातल्या हार्बिन शहरात माणसे खोकता खोकता, रक्त थुंकत दोन-तीन दिवसांत मरत होती. लागण झालेला जवळजवळ कोणीच वाचत नव्हता. चिनी सरकारने तिथे पाठवले ३१ वर्षांच्या डॉ. वू लिएन-ते यांना. पेनांगमध्ये १८७९ साली जन्मलेले वू केंब्रिजमध्ये शिकलेले. त्यांचे चिनी बोलणे जेमतेमच होते.

पोहोचताच त्यांनी प्लेगने मेलेल्या एका स्त्रीचे गुपचूप शवविच्छेदन केले. तेव्हाच्या चीनमध्ये ते निषिद्ध होते. फुप्फुसात प्लेगचे जिवाणू भरलेले सापडले. मुंबई-पुण्याच्या प्लेगवरून जगाला ठाऊक होता तो उंदरांच्या पिसवांमुळे होणारा, गाठी येणारा प्लेग. हा मात्र फुप्फुसाचा होता, खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाला होणारा. उंदीर मारून तो थांबणार नव्हता.

वूंनी साधा उपाय काढला: जखमेवर बांधायच्या जाळीदार कापडाच्या थरांत कापसाची जाड घडी, आणि टोके चिरून केलेले बंद. अतिशय स्वस्त, कोणालाही घरी शिवता येईल असा मास्क. डॉक्टर, शिपाई, प्रेत वाहणारे, सगळ्यांनी तो बांधायचा.

मेस्नी नावाचे ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टर हे मानायला तयार नव्हते. मोहिमेची सूत्रे आपल्याला हवीत म्हणून त्यांनी वूंचा अपमानही केला. मग मास्क न लावता ते रुग्ण तपासायला गेले आणि आठवडाभरात प्लेगने दगावले. त्यानंतर हार्बिनमध्ये मास्कला नको म्हणणारे फारसे उरले नाहीत.

या मास्कची खुबी त्याच्या साधेपणात होती. जाळीचे कापड उकळून निर्जंतुक करता येते, आतला कापूस बदलता येतो, नाहीतर सगळेच जाळून टाकावे. २०२० साली कोविडमध्ये टंचाई पडली तेव्हा एन-९५ची गोष्ट इतकी सोपी नव्हती. त्याच्या प्लास्टिक तंतूंवरचा स्थिर विद्युतभार बारीक कण पकडतो, आणि अल्कोहोल किंवा साबणाने तोच नाहीसा होतो. मास्क दिसतो स्वच्छ, पण गाळण्याची क्षमता घटलेली! म्हणून रुग्णालयांना हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ, अतिनील किरण किंवा दमट उष्णता वापरावी लागली. तरी पट्टे सैल पडून मास्क चेहऱ्यावर घट्ट बसेनासा झाला, की तो टाकणेच भाग होते.

हार्बिनमध्ये मास्क एकटा पुरणार नव्हता. वूंनी रशियनांकडून मालगाडीचे डबे घेऊन संशयितांना त्यांत वेगळे ठेवले. गोठलेल्या जमिनीत खड्डे खणता येत नव्हते, दोन हजारांवर प्रेते उघड्यावर पडून होती. दहन म्हणजे पूर्वजांची विटंबना, अशी लोकांची भावना. वूंनी थेट सम्राटाच्या दरबारी अर्ज केला. परवानगी आली आणि जानेवारी १९११च्या अखेरीस चिता पेटल्या. १ मार्चला हार्बिनमधला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. मांचुरियात तोवर सुमारे ६० हजार माणसे गेली होती.

एप्रिलमध्ये मुकदेनला झालेल्या आंतरराष्ट्रीय प्लेग परिषदेचे अध्यक्षपद वूंकडे आले. १९३५ साली नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले. जपानी आक्रमणानंतर ते मलायात परतले आणि इपोह गावी साधा दवाखाना चालवू लागले. जानेवारी १९६०मध्ये पेनांगलाच त्यांचे निधन झाले.