बोटांना कळलेली अक्षरे

बालवर्गात बाईंनी दिलेली काचपेपरची खरखरीत अक्षरे आठवतात का? ही युक्ती मारिया माँटेसरी यांची.

त्यांचा जन्म १८७० साली इटलीत झाला. त्यांना आधी इंजिनिअर व्हायचे होते, म्हणून त्या मुलग्यांच्या तांत्रिक शाळेत शिकल्या. पुढे मन वैद्यकाकडे वळले आणि १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. मतिमंद म्हणून बाजूला सारलेल्या मुलांना हाताळायची लाकडी अक्षरे देऊन त्यांनी लिहा-वाचायला शिकवले. मग धडधाकट मुले शाळेत का अडखळतात, हा प्रश्न त्यांना सतावू लागला.

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे बालगृह सुरू झाले. दिवसभर आईबाप कामावर असणारी सुमारे पन्नास मुले तिथे येत. इतक्या लहान वयात अक्षरे शिकवण्याचा त्यांचा विचार नव्हता. आग्रह धरला तो निरक्षर आयांनी. लाकडी अक्षरे करून देणारे कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी काचपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवला. मूल अक्षर पाही, बोटाने गिरवी आणि त्याचा उच्चार ऐके. भेट आलेली महागडी खेळणी मात्र कोपऱ्यात पडून राहत.

डिसेंबरात एकदा गच्चीवर त्यांनी पाच वर्षांच्या मुलाला खडू देऊन धुराड्याचे चित्र काढायला सांगितले. चित्र संपवून त्याने फरशीवर आपणहून एक शब्द लिहिला आणि तो आनंदाने ओरडत सुटला. हात आधीच तयार झाला होता.

१९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि युद्धामुळे १९४६पर्यंत भारतातच राहिल्या. १९५२ साली हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ही पद्धत बोर्डी-कोसबाडच्या मुलांपर्यंत नेली.

हे सारे मी उशिरा वाचले. त्याआधी मी मुलांसाठी अक्षरांचे एक अ‍ॅप बनवले होते. त्यात ‘अ’ उड्या मारी, अननस नाचे, घंटा वाजे. माझी लेक तासन्‌तास बघायची; पण कागदावरचा ‘अ’ दाखवला की गप्प. अननस नाचला, एवढेच तिच्या लक्षात राहिले होते. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून काचपेपर आणला. तिसऱ्या दिवशी तिने पुढचे अक्षर स्वतःहून मागितले.

संमेलनाला येताना आपल्या बालवर्गासाठी काचपेपर आणि पुठ्ठे आणते आहे. कापायला कोण कोण बसणार?