रामचंद्रपंत अमात्य

इ. स. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांमध्ये पंचविशीच्या आतबाहेरचा एक तरुण उभा होता. त्याचे नाव रामचंद्र नीळकंठ. राज्याच्या जमाखर्चावर नजर ठेवण्याचे अमात्यपद त्याच्याकडे होते. वडील निळो सोनदेव हे महाराजांच्या पदरचे मुजुमदार असल्यामुळे हिशेबाची शिस्त त्याने घरातच पाहिली होती.

या तरुणाची खरी कसोटी लागली ती पुढे पंधरा वर्षांनी. १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारले, रायगडही पडला आणि राजाराम महाराजांना दूर दक्षिणेत जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. मागे महाराष्ट्रात राज्य सांभाळावयाचे ते रामचंद्रपंतांनी. महाराजांनी त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देऊन सर्व अधिकार सोपविले. खजिना रिकामा, किल्ले एकामागून एक शत्रूच्या हाती जात होते. अशा वेळी पंतांनी विशाळगडावर ठाण मांडून शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव अशा कर्त्या माणसांना एकत्र धरून ठेवले.

या झुंजीत मराठ्यांना एक मुका साथीदार होता, तो म्हणजे सह्याद्रीचे रान. १७०२ मध्ये खुद्द औरंगजेब विशाळगडाच्या पायथ्याशी आला. आंबा घाटातील दाट झाडीतून तोफा नेण्यासाठी त्याच्या लोकांना आधी झाडे तोडून आणि खडक फोडून वाट करावी लागली. गड अखेर मराठ्यांना पैसे मोजूनच हाती आला. आणि परतताना पावसाने गाठल्यामुळे पन्हाळ्यापर्यंतची थोडकी वाट कापावयास त्या अफाट फौजेला महिन्याहून अधिक काळ लागला.

पंतांनी पाच छत्रपतींच्या राजवटी पाहिल्या. उतारवयात, १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावे त्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिले. राजाने कसे वागावे, सावकारांस कसे राखावे, टोपीकरांपासून का सावध असावे, असे पुष्कळ विषय त्यात आहेत. वृक्षांविषयीचा त्यातील भाग शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून अनेकदा सांगितला जातो. ते बरोबर नव्हे. महाराज १६८० मध्येच कैलासवासी झाले होते. मात्र पंतांची राजनीती महाराजांच्याच हाताखाली घडली होती, यात शंका नाही.

प्रश्न बिकट होता. समुद्रावर सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज टपून बसलेले, आरमार हवेच. आरमार म्हणजे फळ्या, सोट, डोलकाठ्या. म्हणजे मोठमोठी झाडे. कोकणात आंबा आणि फणस दारोदार उभे. त्यांचे लाकूडही कामाचे. सरकारी माणसाने कुऱ्हाड घेऊन परसात शिरावे आणि काम उरकावे, हा सोपा मार्ग होता. फ्रान्सच्या राजाने १६६९ च्या कायद्याने नेमका हाच अधिकार आपल्या आरमाराला दिला होता.

पंतांनी तो मार्ग बंद केला. रानातला साग तोडावयाचा तोही हुजूरची परवानगी घेऊन. तेवढ्याने न भागल्यास परमुलखातून लाकूड विकत आणावे. पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच ते घ्यावे. जबरदस्ती मुळीच नको. कारण असे झाड एकदोन वर्षांत उभे राहत नाही. रयतेने पोटच्या पोराप्रमाणे ते वाढविलेले असते आणि ते गेल्याचे दुःख कशानेही भरून येत नाही. आमच्या तीर्थपुरीकडेही बांधावर आंब्याची कोय पुरणारा म्हातारा ती फळे आपण खाणार नाही हे जाणूनच पुरतो. गडाच्या घेऱ्यातील झाडीबाबत तर पंत अधिकच कडक आहेत. तेथील काडीही तोडू द्यावयाची नाही. विशाळगडाच्या रानाने काय केले हे ज्याने पाहिले, त्याने दुसरे काय लिहावे?

हा विचार पंतांनी कोठून आणला? सह्याद्रीतील गावे पूर्वापार देवराया राखीत आली आहेत. देवाच्या नावाने सोडलेल्या त्या रानात कोणी कुऱ्हाड चालवीत नसे. झाडाविषयीची जी भीड लोकांच्या रीतीत होती, ती पंतांनी सरकारी हुकुमात आणली, असे मला वाटते.

पुढे राज्य गेले तसे ते हुकूमही गेले. इंग्रजी अमदानीत लाकडाची मागणी एवढी वाढली की १८४७ मध्ये मुंबई सरकारला डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमावे लागले. १८५३ मध्ये आगगाडी सुरू झाली आणि रुळांखालच्या लाकडांसाठी पुन्हा रानाकडेच धाव घेतली गेली. देवरायाही पुष्कळ ठिकाणी विरळ झाल्या. काही मात्र गावकऱ्यांनी आजवर राखल्या आहेत.

आज्ञापत्र पुरे झाल्यावर पंत फार दिवस जगले नाहीत. १७१६ मध्ये पन्हाळगडावर त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. गगनबावड्याची जहागीर त्यांच्या वंशजांकडे, पंत अमात्य बावडेकरांकडे, पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालली.