७१४ खाटांची डॉक्टर

मार्जरी वॉरन यांचा मूळ ओढा शस्त्रक्रियेकडे. १८९७ साली लंडनमध्ये जन्मलेल्या आणि १९२३ मध्ये डॉक्टर झालेल्या या बाईंच्या वाट्याला म्हातारी माणसे आली, ती १९३५ मध्ये. लंडनच्या पश्चिमेकडील आयलवर्थला त्या ज्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात काम करत, त्याने शेजारच्या वर्कहाऊसचा रुग्णविभाग ताब्यात घेतला. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात पोसणारी सरकारी जागा. तिथे जाणे म्हणजे अब्रू जाणे, अशी इंग्लंडमधल्या गरिबांची समजूत. साहजिकच म्हातारी माणसे दुखणे अंगावर काढत आणि अगदीच निरुपाय झाला की मगच तिथे पोहोचत.

विभागात खाटा होत्या ७१४. बरे होण्याजोगे आणि न होण्याजोगे, भ्रमिष्ट आणि शुद्धीवरचे, सगळे एकाच ओळीत. कित्येकांची धड तपासणीही झालेली नव्हती. 'वय झाले' हेच निदान! पडून राहिल्याने सांधे आखडत, पाठीला जखमा होत, लघवीवरचा ताबा जाई आणि हीच म्हातारपणाची लक्षणे समजली जात. खरे तर त्यातले बरेचसे खाटेने दिलेले आजार होते.

वॉरन यांनी एकेका रुग्णाला तपासले, वर्गवारी केली, ज्यांना शक्य होते त्यांना उठवून बसवले, उभे केले, चालवले. पक्षाघात झालेले आणि पाय कापावा लागलेले वृद्धही त्यातून सुटले नाहीत. कळकट भिंतींना फिकट रंग आला, धरायला कठडे आले. व्यायाम करून घेणारे, सामाजिक कार्यकर्ते, परिचारिका यांची मोट त्यांनी बांधली. घरी सोडण्याआधी घरी सांभाळणारे कोण, याचीही चौकशी होई. ही शेवटची गोष्ट आजही अनेक ठिकाणी राहून जाते. माणसे घरी जाऊ लागली आणि काही वर्षांत सुमारे २४० खाटांवर काम भागू लागले.

वृद्धांचा विभाग मोठ्या रुग्णालयातच हवा, तिथली एक्स-रे आणि प्रयोगशाळा त्यांनाही मिळायला हवी आणि विद्यार्थ्यांना हा विषय शिकवायला हवा, हे त्यांनी १९४३ आणि १९४६ मधल्या लेखांतून मांडले. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संघटना स्थापन झाली, तीत त्या होत्या. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि वार्धक्यवैद्यकाचे तज्ज्ञ नेमले जाऊ लागले.

१९६० मध्ये युरोपच्या प्रवासात मोटार अपघातात वॉरन यांचे निधन झाले. तोवर त्या आयलवर्थच्याच रुग्णालयात काम करत होत्या.