पडत्या डावाचा राखणदार : विजय हजारे

परभणीहून जिंतूरकडे जाताना लागणाऱ्या आपल्या बोरीत भव्य स्टेडियम नाही. आहे ती काळी माती, तिच्यावर आखलेली खो-खोची नि कबड्डीची मैदाने, आणि संध्याकाळी खेळ आटोपल्यावर रंगणारा वाद. वादाचा विषय पुष्कळदा एकच असतो : सर्वांत भक्कम बचाव कोणाचा? कोणी सुनील गावसकरांचे नाव घेतो, कोणी राहुल द्रविडचे, कोणी चेतेश्वर पुजाराचे. मग आकडे पुढे येतात. गावसकरांची कसोटीतील सरासरी ५१, द्रविडची ५२; द्रविडने तर कसोटी क्रिकेटमध्ये एकतीस हजारांहून अधिक चेंडू खेळून काढले. आकडे संपतात, अंधार पडतो, वाद मात्र संपत नाही.

असे वाद सर्वत्र चालतात. अमेरिकेत तेथील फुटबॉलचे शौकीन १९७० च्या दशकातील पिट्सबर्गच्या संघाचा बचाव मोठा, की १९८५ च्या शिकागोचा, की २००० च्या बाल्टिमोरचा, यावर अजून हुज्जत घालतात. पण तेथे नावे निघतात ती बहुतेक विजेत्या संघांची. हरणाऱ्या संघात उभे राहून ज्याने बचाव केला, त्याचे माप कोणत्या तराजूत घालायचे? हा प्रश्न मनात आला की मला एकच नाव आठवते. ते म्हणजे विजय सॅम्युएल हजारे.

११ मार्च १९१५ रोजी सांगलीत एका शिक्षकाच्या घरी हजारे यांचा जन्म झाला. कुटुंब मराठी ख्रिस्ती, आठ भावंडे. घरची श्रीमंती नव्हती, आणि त्या काळी क्रिकेट हा संस्थानिकांच्या आश्रयाने वाढणारा खेळ होता. खेळाडूला पोट भरायचे तर एखाद्या दरबारचा आधार शोधावा लागे. हजारे यांनाही तो शोधावा लागला. देवासच्या दरबाराने तो दिला आणि पुढे बडोद्याने. ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. स्वभावाने ते अबोल, संकोची. मैदानावर आरडाओरड नाही, मैदानाबाहेर मिरवणे नाही. जे काही बोलायचे ते बॅटने.

१९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये भारतीय फलंदाजाने काढलेले ते पहिले त्रिशतक. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. सांगलीच्या मास्तरांच्या मुलाने पुण्यात केलेल्या या पराक्रमाची वार्ता आपल्या खेड्यांपर्यंत किती दिवसांनी पोहोचली असेल, कोण जाणे!

पण हजारे खऱ्या अर्थाने घराघरांत पोहोचले ते मुंबईच्या पंचरंगी सामन्यांतून. या सामन्यांत हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्म आणि जातवार संघ असत. ज्यांना त्यांत जागा नाही अशा ख्रिस्ती, ज्यू इत्यादी खेळाडूंचा पाचवा संघ, तो ‘रेस्ट’. खेळाची अशी धर्मवार वाटणी महात्मा गांधींना मान्य नव्हती, आणि पुढे १९४६ मध्ये हे सामने बंदही पडले. ते योग्यच झाले. पण १९४३ च्या अंतिम सामन्यात जे घडले ते विसरण्याजोगे नाही.

त्या स्पर्धेत मुसलमान संघाविरुद्ध २४८ धावा काढून हजारे यांनी विजय मर्चंट यांचा विक्रम मोडला होता. अंतिम सामन्यात मर्चंट हिंदू संघाकडून उतरले आणि नाबाद २५० धावा काढून त्यांनी आपला विक्रम परत घेतला. हिंदूंचा डाव ५ बाद ५८१ वर घोषित झाला. रेस्टचा पहिला डाव अवघ्या १३३ धावांत आटोपला आणि फॉलोऑन आला. सामना तेथेच संपल्यासारखा होता. दुसऱ्या डावातही पडझड सुरू झाली, तेव्हा हजारे एका टोकाला उभे राहिले. दुसऱ्या टोकाला आले त्यांचे धाकटे बंधू विवेक. दोघांनी ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेकचा वाटा किती? फक्त २१ धावांचा! धावा काढायच्या थोरल्याने, तटून राहायचे धाकट्याने. संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या झाल्या. तरीही रेस्ट संघ एक डाव आणि ६१ धावांनी हरला. करंडक हिंदूंकडे गेला. पण मागाहून लोक आठवण काढत राहिले ती त्या दोन भावांची.

कसोटी क्रिकेटचे दार मात्र त्यांना उशिरा उघडले. महायुद्धाने त्यांच्या उमेदीची वर्षे खाल्ली. १९४६ मध्ये लॉर्ड्सवर ते पहिली कसोटी खेळले तेव्हा वय होते ३१. पुढच्याच वर्षी रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध गुल महंमद (३१९) यांच्यासह हजारे (२८८) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत, म्हणजे एकोणसाठ वर्षे अबाधित राहिला.

१९४७-४८ मध्ये स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा परदेशी निघाला, तो डॉन ब्रॅडमन यांच्या ऑस्ट्रेलियाशी खेळायला. ब्रिस्बेनच्या ओल्या खेळपट्टीवर आपले दोन्ही डाव ५८ आणि ९८ धावांत गुंडाळले गेले. त्या काळी तेथील खेळपट्ट्या पावसापासून झाकून ठेवत नसत, आणि फलंदाजाच्या डोक्यावर हेल्मेट नसे, हे आजच्या वाचकाने ध्यानात घ्यावे. मग जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडची कसोटी आली. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला. ब्रॅडमन यांनी २०१ धावा केल्या, आणि त्यांचा त्रिफळा उडवला तो हजारे यांनीच! भारताची अवस्था ५ बाद १३३ झाली, तेव्हा हजारे (११६) आणि दत्तू फडकर (१२३) यांनी डाव सावरला. फॉलोऑन टळला नाही. दुसऱ्या डावात लिंडवॉल आग ओकत होता; त्याने ३८ धावांत ७ गडी टिपले. आपले सहा फलंदाज शून्यावर बाद झाले. संघाच्या २७७ धावांत हजारे यांच्या १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे ते पहिले भारतीय ठरले. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला, हेही खरे.

म्हणून कोणी म्हणेल, अशा बचावाचा उपयोग काय? सामना तर वाचला नाही! येथे आपला खो-खो मदतीला येतो. खो-खोत संरक्षकाला कोणी विचारीत नाही की तू किती गडी मारलेस. तो किती मिनिटे टिकला एवढेच पाहतात. साथीदार भराभर बाद होत असताना जो एकटा खांब देत-घेत वेळ काढतो, त्याला हरल्या सामन्यातही टाळ्या पडतात. हजारे यांचे माप याच तराजूत घालावे लागते.

पण त्यांच्याजवळ केवळ बचाव होता असे समजू नये. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईला वेस्ट इंडीजविरुद्ध जिंकण्यासाठी ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ धावा काढून संघाला विजयाच्या दारात नेले. ८ बाद ३५५ झाल्या असताना वेळ संपली. अवघ्या सहा धावा कमी पडल्या!

१९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध हजारे कर्णधार झाले. येथे त्यांच्या चरित्राची दुसरी बाजू दिसते, आणि ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. दिल्लीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी नाबाद १६४ धावा केल्या, पण डाव संथ झाला. इंग्लंडला सामना वाचवता आला. कर्णधाराने धाडस केले असते तर भारताचा पहिला कसोटी विजय दिल्लीतच झाला असता, अशी टीका झाली. तिच्यात तथ्य आहे. जो गुण फलंदाजाचे भूषण होता तोच कर्णधाराच्या पायात घुटमळला. तरीही फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला विनू मंकड यांच्या १२ बळींच्या आणि पंकज रॉय, पॉली उम्रीगर यांच्या शतकांच्या बळावर भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. वीस वर्षे कसोटी खेळल्यावर मिळालेला तो पहिला विजय. आणि त्याचे कर्णधार होते हजारे.

त्याच वर्षी जूनमध्ये लीड्स येथे ट्रूमन नावाच्या नवख्या तेज गोलंदाजाने आणि बेडसरने मिळून दुसऱ्या डावात भारताची स्थिती ४ बाद ० अशी करून टाकली. फलकावर एकही धाव नाही आणि चार गडी तंबूत! पहिल्या डावात विजय मांजरेकर यांच्यासह २२२ धावा जोडणारे हजारे पुन्हा उभे राहिले. त्यांनी ५६ आणि फडकर यांनी ६४ धावा केल्या. दोघांनी १०५ धावा जोडून संघाची लाज राखली. सामना गेलाच. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर त्यांची कसोटी कारकीर्द संपली : ३० कसोटी, २१९२ धावा, ७ शतके, सरासरी ४७.६५. १९६० मध्ये जसू पटेल यांच्यासह त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणारे हे दोघे पहिले क्रिकेटपटू. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेचा करंडक आज त्यांच्या नावाने खेळला जातो. तो करंडक जिंकणाऱ्या किती तरुणांना ४ बाद ० ची ती दुपार ठाऊक असेल?

मग श्रेष्ठ कोण? गावसकर, द्रविड की हजारे? काळ वेगळे, खेळपट्ट्या वेगळ्या, साधने वेगळी. आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून याचा निकाल लागणार नाही, आणि लागू नये. मला एवढेच म्हणावयाचे आहे की नुसत्या सरासरीवर बचाव मोजू नये. भोवती काय कोसळत होते, तेही मोजावे.

आपण शेतकऱ्यांची मुले आहोत. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बसून गोफण फिरवणारा राखणदार आपण पाहिला आहे. तो पीक पेरीत नाही, कापीत नाही. एखाद्या वर्षी थव्यामागून थवे येतात, आणि त्याने जिवाचे रान केले तरी निम्मे शिवार रिकामे होते. पण म्हणून शहाणा शेतकरी त्याला दोष देत नाही. उरलेली कणसे कोणामुळे उरली हे तो जाणतो. विजय हजारे हे भारतीय क्रिकेटच्या गरिबीच्या दिवसांतले असे राखणदार होते. पुढच्या पिढ्यांनी सुगी पाहिली, कारण पडत्या काळात कोणीतरी माळ्यावरून खाली उतरला नाही.