व्हॉलीबॉलचा जनक

पिंपरी-चिंचवड किंवा चाकण म्हटले, की कारखाने आणि पाळीवर निघालेले कामगार डोळ्यांसमोर उभे राहतात. व्हॉलीबॉलचा जन्मही अशाच एका उद्योगनगरीत झाला. अमेरिकेतील होल्योक हे ते गाव. कागदाच्या गिरण्यांसाठी ते प्रसिद्ध होते. १८९५ साली विल्यम मॉर्गन हा तरुण तेथील वाय.एम.सी.ए. ह्या संस्थेत व्यायामशिक्षक होता.

मॉर्गनचा जन्म १८७० साली न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे झाला. बास्केटबॉलचा जनक नेस्मिथ ह्याच्याशी त्याचा परिचय होता. परंतु होल्योकमधील त्याच्या वर्गात व्यापारधंदा करणारे प्रौढ गृहस्थही येत. बास्केटबॉलमधील धावपळ आणि धक्काबुक्की त्यांना सोसेना. अशांना बाजूला बसवून ठेवणे सोपे होते. मॉर्गनने तसे केले नाही. त्याने त्यांच्यासाठी नवा खेळच रचला.

टेनिसचे जाळे त्याने साडेसहा फूट उंचीवर बांधले. दोन्ही पक्ष जाळ्याच्या दोन बाजूंना राहिल्यामुळे अंगाला अंग लागण्याचा प्रश्नच मिटला. चेंडूने मात्र त्याला बरेच सतावले. बास्केटबॉलचा चेंडू जड पडे, तर त्याच्या आतला नुसता फुगा अगदी संथ चाले. शेवटी स्पाल्डिंग कंपनीकडून त्याने हलका चेंडू मुद्दाम करवून घेतला.

खेळाचे नाव त्याने बॅडमिंटनवरून 'मिंटोनेट' असे ठेवले. हे बॅडमिंटन पुण्याच्या लष्करी छावणीत इतके लोकप्रिय होते, की त्याला 'पूना' असेही म्हणत! १८९६ साली स्प्रिंगफील्ड येथे खेळाचे प्रात्यक्षिक झाले. चेंडू जमिनीवर पडू न देता हवेतच टोलवला जातो, हे पाहून हॉलस्टेड नावाच्या गृहस्थाने 'व्हॉलीबॉल' हे नाव सुचवले. आपण ठेवलेल्या नावाचा हट्ट न धरता मॉर्गनने ते स्वीकारले.

पुढे फिलिपाईन्समधील खेळाडूंनी एकाने चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी घेऊन तो जोराने खाली मारायचा, ही रीत रूढ केली. प्रौढांचा सौम्य खेळ तरुणांच्या उड्यांचा झाला. भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ साली स्थापन झाला आणि १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ह्या खेळाला स्थान मिळाले. हा मान पाहण्यास मॉर्गन हयात नव्हता. १९४२ साली लॉकपोर्ट येथेच त्याचे निधन झाले होते.

आज पुरुषांच्या सामन्यात जाळे २.४३ मीटर उंच असते. बसून खेळण्याच्या व्हॉलीबॉलमध्ये मात्र ते अवघ्या १.१५ मीटरवर बांधतात. तेथे पायांनी अधू असलेले खेळाडू जमिनीवर बसून सरकत सरकत चेंडू टोलवतात.