जिनिव्हाचे बारा वडील

मंडळी, 'वडील' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाबा येतात. पण मराठी ख्रिस्ती घरात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तिथे चर्चच्या समाजाला 'मंडळी' म्हणतात, उपदेश करणारे ते 'पाळक', आणि मंडळीचा कारभार पाहायला आपल्यातूनच निवडलेले जाणते लोक ते 'वडील'. माझे कोल्हापूरचे आजोबा असे वडील होते. पेशा शिक्षकाचा. कुणाकडे आजारपण असो, भाऊबंदकी असो, नवरा-बायकोचं बिनसलेलं असो, संध्याकाळी त्यांची सायकल बाहेर निघायची. पगार नाही, झगा नाही, मान मात्र भरपूर!

ही पद्धत आपल्याकडे आली कुठून, याचं मला कुतूहल होतं. शोधता शोधता पोचलो सोळाव्या शतकातल्या जिनिव्हात, जॉन कॅल्व्हिनपाशी.

कॅल्व्हिनचा जन्म १० जुलै १५०९ चा, उत्तर फ्रान्समधल्या न्वायों गावचा. वडील जेरार हे तिथल्या कॅथेड्रलच्या धर्माधिकाऱ्यांकडे कारभारी होते. हिशेबावरून त्यांचं वरिष्ठांशी वाजलं आणि चर्चने त्यांना बहिष्कृत केलं. आपल्या भाषेत, वाळीत टाकलं. १५३१ मध्ये ते गेले तेही त्याच अवस्थेत. पवित्र भूमीत दफन व्हावं म्हणून थोरल्या मुलाला, शार्लला, धर्माधिकाऱ्यांच्या विनवण्या कराव्या लागल्या. तेव्हा धाकटा जॉन होता २१ वर्षांचा, कायद्याचा विद्यार्थी. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण पुढे याच मुलाने आयुष्यातली कितीतरी वर्षं एका हक्कासाठी वेचली: चुकलेल्या माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा मंडळीचा हक्क.

पॅरिसमध्ये धर्मसुधारणेच्या विचारांच्या लोकांची धरपकड सुरू झाली, तसा तो फ्रान्स सोडून निघाला. १५३६ मध्ये बाझेलला त्याचा 'ख्रिस्ती धर्माची तत्त्वे' हा ग्रंथ निघाला. वय अवघं २६! त्याच वर्षी एका रात्रीच्या मुक्कामाला तो जिनिव्हात थांबला आणि फारेल नावाच्या तापट धर्मोपदेशकाने त्याला शापाची भीती घालून तिथेच ठेवून घेतलं. पण मंडळीच्या बाबतीत शेवटचा शब्द कुणाचा, धर्मोपदेशकांचा की नगरसभेचा, यावरून दोनच वर्षांत ठिणगी पडली. १५३८ मध्ये नगरसभेने दोघांनाही हाकलून दिलं.

ही हकालपट्टी त्याच्या पथ्यावरच पडली म्हणायची. पुढची तीन वर्षं स्ट्रासबर्गमध्ये ब्युसर या अनुभवी धर्मसुधारकाच्या सहवासात गेली. मंडळी एकट्या पाळकाच्या जिवावर चालत नाही, शिस्तीचा आणि काळजीचा भार सामान्य माणसांनीही उचलायला हवा, हा विचार तिथे पक्का झाला. तिथेच १५४० मध्ये इडलेट या विधवेशी त्याचं लग्न झालं.

१५४१ मध्ये जिनिव्हाने त्याला परत बोलावलं. आल्याबरोबर त्याने मंडळीची घटनाच लिहायला घेतली! नोव्हेंबरमध्ये ती मंजूर झाली. तीत चार पदं होती: पाळक, शिक्षक, वडील आणि गोरगरिबांची सेवा करणारे डीकन. वडील बारा. दोन लहान नगरसभेतले, चार साठांच्या सभेतले, सहा दोनशेंच्या सभेतले. शहराच्या प्रत्येक भागावर कुणाची तरी नजर राहावी, अशा बेताने निवडलेले. मुदत एक वर्षाची. काम चांगलं असेल तर पुन्हा नेमणूक. दर गुरुवारी हे बाराजण पाळकांबरोबर बसत. या बैठकीचं नाव कॉन्सिस्टरी.

तिथे काय चालायचं? १५४२ पासूनची बरीचशी दप्तरं आजही जिनिव्हात जपलेली आहेत. प्रार्थना अजून लॅटिनमधूनच पुटपुटणारी माणसं, जुगारी, नाचगाणी करणारे, बायकोला मारणारे नवरे, एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ, सगळ्यांना बोलावणं जाई. बऱ्याचदा समज देऊन, हात हातात द्यायला लावून घरी पाठवत. वडिलांना दंड किंवा तुरुंगवास देता येत नसे. त्यांच्या हाती मोठी शिक्षा एकच, प्रभुभोजन बंद.

आणि याच शिक्षेवरून चौदा वर्षं झगडा चालला. नगरसभा म्हणे, हा अधिकार आमचा. १५५३ मध्ये बर्थेलिए नावाच्या वजनदार माणसाला वडिलांनी बंदी घातली, नगरसभेने ती उठवली. प्राण गेला तरी त्याला प्रभुभोजन देणार नाही, असं कॅल्व्हिनने बजावलं. अखेर १५५५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. गंमत म्हणजे या शहराचं नागरिकत्वही त्याला १५५९ पर्यंत मिळालेलं नव्हतं!

त्याच १५५३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यात आलं. शिक्षा नगरसभेची होती हे खरं. पण त्याला पकडून द्यायला कॅल्व्हिनच पुढे होता, आणि मृत्युदंड त्याला मान्य होता. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा, एवढंच त्याचं म्हणणं. हा डाग पुसता येत नाही. १९०३ मध्ये त्याच्याच अनुयायांनी त्या जागी पश्चात्तापाचा दगड उभारला.

घरातही सुख बेताचंच. एकुलता मुलगा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेला, १५४९ मध्ये इडलेट गेली. १५५७ मध्ये भावाच्या बायकोचं व्यभिचाराचं प्रकरण त्याच कॉन्सिस्टरीपुढे आलं. नियम स्वतःच्या दारात आला तेव्हा मात्र त्याने पळवाट शोधली नाही. २७ मे १५६४ ला तो वारला. त्याच्याच इच्छेनुसार थडग्यावर नाव घातलं नाही. नेमकी जागा आज कुणालाच ठाऊक नाही.

जिनिव्हात काही वर्षं काढलेल्या जॉन नॉक्सने ही पद्धत इथे, स्कॉटलंडमध्ये आणली. १८२९ मध्ये मुंबईत उतरलेले जॉन विल्सन याच परंपरेतले. कोल्हापुरात १८५२ मध्ये आलेल्या रॉयल वाइल्डर यांचं कामही पुढे अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चकडे गेलं. प्रेस्बिटेरियन म्हणजे तरी काय, वडिलांच्या हाती कारभार असलेली मंडळी! १९६६ पासून चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये बायकाही वडील होऊ लागल्या.

बहिष्कृत बापाच्या मुलाने बहिष्काराचा अधिकार का मागितला असेल? मला वाटतं, त्याला तो एका धर्माधिकाऱ्याच्या मर्जीतून काढून, दरवर्षी नेमल्या जाणाऱ्या बारा माणसांच्या विचाराकडे सोपवायचा होता. हे त्याचं मोठेपण. पण माणसाच्या विश्वासावरही पहारा बसवला, तिथे तो चुकला. परदेशात आपणही मंडळं चालवतो, कुणाला आत घ्यायचं नि कुणाला नाही हे ठरवतो. वडीलधाऱ्यांचा खरा अधिकार दार लावण्यात नाही, रुसलेल्याच्या दारी जाण्यात आहे, एवढं आपण यातून घेतलं तरी पुष्कळ झालं.