वरोऱ्याचा वकील

हॉस्टेलमध्ये जेवणं आटोपली की जे वाद रंगतात त्यातला एक कधीच संपत नाही. माणसांशी वागताना डोकं महत्त्वाचं की मन? बहुतेक वेळा डोकंवाले जिंकतात, कारण वाद घालणं हे त्यांचंच काम! मनवाले दोन वाक्यं बोलतात आणि झोपायला निघून जातात.

या वादात साक्षीला बोलवावा असा एक माणूस आपल्याच भागात होऊन गेला. चंद्रपूरहून नागपूरकडे जाताना भद्रावतीनंतर वरोरा लागतं, तिथला. नाव मुरलीधर देविदास आमटे. बाबा आमटे म्हटलं की आपल्यासमोर येतो तो बंडी घातलेला, पाठदुखीने आडवा पडलेला म्हातारा. पण हा माणूस तरुणपणी पक्का डोकंवाला होता, हे आपण विसरतो.

जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचं. वरोऱ्याजवळ गोरजा इथे शेतीवाडी. चौदाव्या वर्षी स्वतःची बंदूक, रानडुकरांची आणि हरणांची शिकार. पुढे स्पोर्ट्स कार आली, तिच्या सीटवर बिबट्याचं कातडं! इंग्रजी सिनेमांचं इतकं वेड की मासिकात परीक्षणं लिहायचे आणि ग्रेटा गार्बोशी पत्रव्यवहार करायचे. वकिली शिकले आणि वरोऱ्यात प्रॅक्टिस सुरू केली. चांगली चालली.

खटकायला लागलं ते इथेच. पंधरा मिनिटांच्या युक्तिवादाचे पन्नास रुपये मिळत आणि बारा तास राबणाऱ्या मजुराला धड एक रुपयाही नाही. त्याहून वाईट म्हणजे बलात्काराचा आरोपी वकिलासमोर गुन्हा कबूल करायचा, वकिलाने त्याला सोडवून आणायचं, आणि वर त्याच्या आनंदाच्या पार्टीलाही जायचं. कायद्याच्या हिशेबाने यात काहीच चूक नाही. डोकं आपलं काम चोख करत होतं. ते कुणासाठी चालवायचं, एवढंच त्या डोक्याला सांगता येत नव्हतं.

१९४२ साली हेच डोकं त्यांनी चळवळीत पकडल्या गेलेल्यांच्या बचावासाठी वापरलं. पुढे गांधी-विनोबांच्या विचारांकडे ओढले गेले, संन्याशासारखे राहू लागले. अशात नागपूरला घुले यांच्या घरी लग्नघाईत एक मुलगी दिसली. सगळे पाहुणे आत मजेत, आणि ही इंदू गुपचूप मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. कुणी पाहावं म्हणून नाही, कुणाला कळू नये अशा बेताने. आमटे वकिलांनी संन्यास गुंडाळून ठेवला आणि मागणी घातली! १९४६ मध्ये लग्न झालं. याच आपल्या साधनाताई. माझं मत विचाराल तर दयाळूपणाचा पहिला धडा बाबांना या मुलीकडून मिळाला, आणि तोही एक शब्द न बोलता.

मग वरोऱ्यात नगरपालिकेचं उपाध्यक्षपद आणि सफाई कामगारांची युनियन, दोन्ही त्यांच्याकडे. मैला वाहणाऱ्यांचं दुःख बाहेरून काय कळणार, असा सवाल आला तेव्हा हा जमीनदाराचा पोरगा सुमारे नऊ महिने डोक्यावर मैल्याची टोपली घेऊन फिरला. याच काळात पावसाच्या एका रात्री गटाराकाठी त्यांना काहीतरी पडलेलं दिसलं. जवळ गेले तर तो माणूस होता. तुळशीराम. कुष्ठरोगाने हातापायाची बोटं गेलेली, जखमांत अळ्या.

आणि बाबा पळाले. हो, पळाले!

वाघाच्या जंगलात शिकार करणारा, रेल्वेत मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना एकट्याने भिडलेला, ज्याला गांधीजींनी अभय साधक म्हटलं, तो माणूस घरी पळून आला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या हुशार डोक्याने पळायची उत्तम कारणंच पुरवली असतील. घरी तरुण बायको आहे, तान्ही मुलं आहेत, रोग लागला तर? डोक्याचं हे असंच असतं, आधी आपण घाबरतो आणि मग ते घाबरण्याचं समर्थन तयार करून देतं. कुष्ठरोग सहजासहजी लागत नाही, बहुतेकांच्या शरीरात त्या जंतूला तोंड द्यायची ताकद उपजतच असते. पण त्या रात्रीच्या वरोऱ्यात हे कोणाला माहीत होतं?

ते परत गेले. तुळशीरामवर आडोसा उभा केला, त्याला खाऊ घातलं. तो वाचला नाही. बाबांना मात्र त्यानंतर स्वस्थता नव्हती, कारण परत जाऊनसुद्धा भीती गेली नव्हती. ती घालवण्यासाठी ते कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम करू लागले. मग शिकायला कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. तिथे कुष्ठरोगाचा जंतू वाढवून पाहायला माणसाचं शरीर हवं होतं, बाबांनी स्वतःचं दिलं. जंतू टोचून घेतले. प्रयोग फसला, म्हणजे रोग जडलाच नाही. (हा जंतू प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर आजही वाढवता येत नाही.) साधनाताईंच्या बाजूने हा प्रसंग वाचून बघा. नवरा अंगात महारोग टोचून घेतोय, आणि घरात विकास, प्रकाश ही दोन लहान पोरं! धाडसाचं माप घेताना आपण यांचं नाव नेहमी दुसऱ्या ओळीत घेतो.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याबाहेर आनंदवन सुरू झालं. जवळ काय होतं? पन्नास एकर खडकाळ झुडपी जमीन, सहा रोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. विंचू-साप भरपूर, पाणी नाही. विहीर स्वतःच खणायची.

आता खरी अडचण बघा. ती औषधाची नव्हती. सल्फोन गटातली औषधं तेव्हा आली होती, रोग आटोक्यात येत होता. पण बरा झालेला माणूस घरचे परत घेत नव्हते. त्याला दोन वेळचं जेवण देत राहणं हा दयाळूपणाचा सोपा रस्ता होता, आणि बाबांना तो मान्य नव्हता. भीक मिळत राहिली की माणूस भिकारीच राहतो, त्याच्या हाताला काम हवं. पण कुष्ठरोगात नसा जातात, हाताला चटका बसला तरी कळत नाही, बोटं आखडतात. असा हात शेती कशी करेल, हत्यार कसं धरेल? आपल्या भाषेत, हा डिझाइनचा प्रॉब्लेम होता. वकिलीत जे डोकं खुपत होतं त्याला इथे खरं काम मिळालं.

शेत पिकलं. भाजी इतकी झाली की आनंदवनात खाऊन संपेना. विकायला काढली तर वरोऱ्यात कोणी हात लावेना. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली वांगी कोण खाणार! इथे बाबांनी गावाला उपदेश केला असता तर गाव आणखी लांब गेलं असतं. १९५४ मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक येऊन राहिले, त्यांनी रोग्यांच्या बरोबरीने इमारती बांधल्या. परदेशातून आलेली पोरं इथे राहतात, खातात, आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने पाहिलं. भाजी खपू लागली.

साठच्या दशकात याच्याही पुढची गोष्ट घडली. वरोऱ्याच्या पोरांना कॉलेजसाठी बाहेरगावी जावं लागे. आनंदवनाने कॉलेज काढलं, आनंद निकेतन. जे गाव भाजी घेत नव्हतं, त्या गावाची मुलं रोज सायकलवर आनंदवनात शिकायला येऊ लागली! सहानुभूती मागून हे कधीच झालं नसतं. गावाला ज्याची गरज होती ती वस्तू बहिष्कृतांनी गावाला दिली. ही चलाखी नाही तर काय? पण तुळशीरामपाशी परत गेल्याशिवाय ही चलाखी सुचलीच नसती, असं मला वाटतं. डोकंवाल्यांनी मतभेद नोंदवावा.

पुढचं बरंच सगळ्यांना ठाऊक आहे. मूलजवळच्या सोमनाथला तरुणांच्या श्रमाच्या छावण्या भरू लागल्या. १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकसाला लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता, तो १९८२ चा. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले तेव्हा वीज नव्हती आणि पावसाळ्यात रस्ता बंद. सुरुवातीला कोणी माडिया औषधाला येईना. दोघांच्या डिग्र्यांचा काय उपयोग? माडिया भाषा शिकले, तिथेच राहिले, तेव्हा हळूहळू माणसं आली.

मणक्याच्या दुखण्याने बाबांना बसता येत नसे, एकतर उभं राहायचं नाहीतर पडून. तशा अवस्थेत ते १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरला निघालेल्या भारत जोडो यात्रेत तरुणांच्या सायकलींबरोबर गाडीत आडवे पडून गेले. त्याच वर्षी मॅगसेसे मिळालं. १९९० मध्ये नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले, ते बरीच वर्षं. १९९१ मध्ये पद्म पुरस्कार सरकारला परत केले. धरणाच्या बाजूचे अनेक चाहते त्यामुळे नाराज झाले. त्याची त्यांनी फिकीर केली नाही. हा माणूस दयाळू होता, गोड नव्हता. या दोन गोष्टींत आपण फार गल्लत करतो.

९ फेब्रुवारी २००८ ला आनंदवनातच ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जाळला नाही, तिथल्याच मातीत पुरला. २०११ मध्ये साधनाताईही गेल्या. इंग्रजांच्या काळातला १८९८ चा महारोग्यांचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्यावर घटस्फोट मागायची कायद्यातली सोय २०१९ मध्ये निघाली. वरोऱ्याच्या वकिलाला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.